व्यवसायसंस्थांसाठी दूरस्थ नेटवर्क-प्रवेशाचे पर्याय : एक तुलनात्मक विवेचन

गोषवारा

कार्यालयाबाहेर असलेल्या कर्मचाऱ्यास कार्यालयातील संगणकांपर्यंत पोहोचविण्याचे अनेक मार्ग उपलब्ध आहेत. भाड्याने घेतलेली स्वतंत्र वाहिनी, व्हीपीएन, दूरस्थ डेस्कटॉप आणि ॲप्लिकेशननिहाय प्रवेश हे त्यांपैकी प्रमुख होत. प्रस्तुत लेखात या पर्यायांची कार्यपद्धती स्पष्ट करून त्यांची तुलना केली आहे. प्रवासातील माहितीचे संरक्षण हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या बहुतांशी सुटलेला आहे. प्रवेश मिळालेल्या व्यक्तीस आत किती मोकळीक मिळते आणि प्रवेशद्वाराची देखभाल कोण करते, हे दोन प्रश्न निवडीच्या दृष्टीने अधिक निर्णायक आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

सूचक शब्द : दूरस्थ प्रवेश, व्हीपीएन, आयपीसेक, दूरस्थ डेस्कटॉप, शून्य विश्वास, ओळख-पडताळणी

१. प्रस्तावना

२४ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि कार्यालयाबाहेरून काम करणे ही सवलत न राहता गरज बनली. मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांजवळ त्यासाठी लागणारी यंत्रणा कमी-अधिक प्रमाणात पूर्वीपासून होती. लहान व्यवसायसंस्थांची स्थिती वेगळी होती. सनदी लेखापालाचे कार्यालय, घाऊक व्यापाऱ्याची पेढी, पतसंस्था किंवा लघुउद्योग यांचे हिशेब बहुधा कार्यालयातील एकाच सर्व्हरवर असतात. तो सर्व्हर बाहेरून कसा वापरावा, याचा निर्णय अनेकांना अल्पावधीत घ्यावा लागला. घाईने उघडलेले मार्ग पुढेही तसेच राहण्याचा धोका अशा वेळी मोठा असतो.

वास्तविक ही गरज नवी नाही. १९९४ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने समभागांचे संगणकीकृत व्यवहार सुरू केले, तेव्हा देशभरातील दलालांना जोडण्यासाठी उपग्रहाधारित व्हीसॅट जाळे वापरले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. त्या काळी फिरत्या कर्मचाऱ्यास मोडेमद्वारे कार्यालयाच्या दूरध्वनीवर संपर्क साधावा लागे. पुढे सुधारलेल्या मोडेमची कमाल गतीही सेकंदास ५६ किलोबिट एवढीच होती, शिवाय परगावच्या कॉलचे शुल्क वेगळे. इंटरनेटच्या प्रसारामुळे हा खर्च नाहीसा झाला; मात्र त्याबरोबर एक नवी अडचण उद्भवली. खाजगी दूरध्वनी-मार्गाऐवजी माहिती आता सार्वजनिक मार्गावरून जाऊ लागली.

२. लेखाची उद्दिष्टे व तुलनेचे निकष

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) दूरस्थ प्रवेशाच्या प्रमुख पर्यायांची कार्यपद्धती संगणकशास्त्राबाहेरील वाचकासही आकलन होईल अशी मांडणे, (२) गती, खर्च, सुरक्षितता व देखभाल या निकषांवर त्यांची तुलना करणे, (३) लहान व मध्यम व्यवसायसंस्थांना उपयुक्त ठरेल असा निवडीचा क्रम सुचविणे.

तुलनेपूर्वी मूळ अडचण समजून घेणे आवश्यक आहे. कार्यालयातील संगणकांना सामान्यतः १९२.१६८.१.१० अशा प्रकारचे पत्ते दिलेले असतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजानुसार असे काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. हजारो कार्यालयांत एकच पत्ता असू शकतो व इंटरनेटवरून त्याकडे थेट जाता येत नाही. एका इमारतीतील 'खोली क्रमांक १०' हा पत्ता टपाल खात्यास पुरेसा नसतो, तसेच हे आहे. त्यामुळे बाहेरच्या व्यक्तीस आत आणण्यासाठी कोणते तरी दार आवश्यक ठरते. दूरस्थ प्रवेशाचे पर्याय म्हणजे या दाराचे निरनिराळे प्रकार होत.

३. पर्यायांचे स्वरूप

३.१ स्वतंत्र वाहिनी व एमपीएलएस

दोन कार्यालयांमध्ये दूरसंचार कंपनीकडून कायमस्वरूपी वाहिनी भाड्याने घेणे हा सर्वांत जुना पर्याय होय. तिची क्षमता अन्य कोणाशी वाटून घ्यावी लागत नाही व विलंब स्थिर असतो. तथापि अंतर व क्षमता यांनुसार भाडे वाढते. एमपीएलएस या पद्धतीचा आराखडा जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यामध्ये एकाच कंपनीच्या जाळ्यावर अनेक ग्राहकांची वाहतूक विशिष्ट खुणेच्या आधारे वेगळी ठेवली जाते. बँका व मोठ्या कंपन्या आपल्या शाखा अशा रीतीने जोडतात.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, एमपीएलएसमध्ये वाहतूक वेगळी ठेवली जाते, पण ती आपोआप कूटबद्ध होत नाही. म्हणजेच तिसऱ्याने वाचू नये अशा सांकेतिक रूपात तिचे रूपांतर होत नाही. संरक्षणाचा आधार दूरसंचार कंपनीवरील विश्वास हाच असतो. दुसरी अशी की, हा पर्याय इमारतींना जोडतो, व्यक्तींना नव्हे. घरून काम करणाऱ्या लेखापालास त्याचा उपयोग नाही.

३.२ आयपीसेक व्हीपीएन

व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क म्हणजेच व्हीपीएन ही कल्पना लिफाफ्याच्या उदाहरणाने स्पष्ट करता येते. कर्मचाऱ्याच्या संगणकाने कार्यालयातील खाजगी पत्त्यावर लिहिलेले पत्र कूटबद्ध करून दुसऱ्या लिफाफ्यात घातले जाते. बाहेरच्या लिफाफ्यावर कार्यालयाच्या प्रवेशद्वाराचा सार्वजनिक पत्ता असतो. प्रवेशद्वाराशी तो लिफाफा उघडून आतील पत्र योग्य संगणकाकडे पाठविले जाते. या व्यवस्थेस रूढ भाषेत 'बोगदा' म्हणतात.

आयपीसेक या मानकाचे पहिले दस्तऐवज १९९५ मध्ये व सुधारित स्वरूप १९९८ आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन शाखांमधील कायमच्या बोगद्यासाठी ते आजही विश्वासार्ह मानले जाते. फिरत्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मात्र अडचणी येतात. हॉटेल किंवा अन्य संस्थांच्या जाळ्यांत आयपीसेकची वाहतूक काही वेळा अडविली जाते. तसेच घरच्या राउटरने व कार्यालयाने एकाच मालिकेतील खाजगी पत्ते वापरले असल्यास पत्र कोठे पाठवावे याचा संगणकास उलगडा होत नाही. 'जोडणी झाली, पण सर्व्हर उघडत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच साधे कारण असते.

त्याच सुमारास प्रचारात आलेल्या पीपीटीपी या पद्धतीचा उल्लेख येथे सावधगिरीसाठी करावा लागतो. विंडोज प्रणालीत ती तयार मिळत असल्याने लहान कार्यालयांत लोकप्रिय झाली. तिच्यातील दोष १९९८ पासून दाखविले जात होते आणि २०१२ मध्ये तिची ओळख-पडताळणी निश्चितपणे भेदता येते हे जाहीरपणे सिद्ध झाले. जुन्या राउटरमध्ये ही सोय दिसली तरी तिचा वापर करू नये.

३.३ टीएलएस व्हीपीएन व वायरगार्ड

बँकेचे संकेतस्थळ उघडताना जी कूटबद्ध पद्धत वापरली जाते, तिच्याच आधारे उभारलेल्या व्हीपीएनला टीएलएस किंवा जुन्या नावाने एसएसएल व्हीपीएन म्हणतात. सामान्य संकेतस्थळांसाठी खुला असलेला ४४३ क्रमांकाचा पोर्ट ती वापरू शकत असल्याने बहुतेक ठिकाणांहून ती चालते. २००१ मध्ये आलेल्या ओपनव्हीपीएन या मुक्तस्रोत प्रणालीचा पायाही टीएलएस हाच आहे.

वायरगार्ड ही तुलनेने नवी प्रणाली मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत समाविष्ट झाली. तिचा मूळ गाभा सुमारे ४,००० ओळींचा आहे. आज्ञावली जितकी लहान, तितकी तिची तपासणी सोपी, हे तिचे बलस्थान होय. मात्र ती केवळ बोगदा पुरविते. कोणास कोणती किल्ली द्यायची व कर्मचारी सोडून गेल्यावर ती केव्हा रद्द करायची, ही व्यवस्था संस्थेस स्वतंत्रपणे करावी लागते.

३.४ दूरस्थ डेस्कटॉप

या पर्यायात कर्मचाऱ्याचा संगणक कार्यालयातील माहिती स्वतःकडे आणत नाही. काम कार्यालयातील संगणकावरच होते. बाहेर केवळ पडद्याचे चित्र येते व कळफलक आणि माउस यांच्या हालचाली आत जातात. लहान कार्यालयांना हा पर्याय सोयीचा वाटतो व त्यामागे तांत्रिक कारणही आहे. त्याचे विवेचन पुढे केले आहे.

धोका निर्माण होतो तो हा डेस्कटॉप इंटरनेटवर थेट खुला केल्याने. विंडोजची ही सेवा ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर चालते व असे खुले पोर्ट शोधून पासवर्डचा अंदाज घेत राहणाऱ्या स्वयंचलित आज्ञावली अखंड कार्यरत असतात. मे २०१९ मध्ये या सेवेत 'ब्लूकीप' नावाने ओळखला जाणारा दोष आढळला. तो इतका गंभीर होता की, मायक्रोसॉफ्टने सेवाकाळ संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती प्रसिद्ध केली. म्हणून दूरस्थ डेस्कटॉप वापरावयाचा असल्यास तो व्हीपीएनच्या किंवा पडताळणी करणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरच्या आड असणे अनिवार्य आहे.

३.५ ॲप्लिकेशननिहाय प्रवेश व 'शून्य विश्वास'

महाविद्यालयीन अध्यापकांना या पर्यायाचे एक रूप परिचित आहे. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या, २०१० मध्ये सुरू झालेल्या एन-लिस्ट उपक्रमात नोंदणीकृत अध्यापक घरून आपले नाव व पासवर्ड देतो, केंद्राचा सर्व्हर त्याची ओळख पडताळतो आणि त्यास नियतकालिके वाचावयास मिळतात. त्यासाठी त्यास केंद्राच्या वा महाविद्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये शिरावे लागत नाही. वाचनसाहित्य मिळते, कार्यालयाची दारे उघडत नाहीत.

हेच तत्त्व व्यवसायसंस्थेच्या सर्व ॲप्लिकेशन्सना लागू केल्यास त्यास 'शून्य विश्वास' पद्धती म्हणतात. जॉन किंडरव्हॅग यांनी २०१० मध्ये ही संज्ञा रूढ केली. व्यक्ती कार्यालयाच्या आत आहे म्हणून ती विश्वासार्ह, हे गृहीतक येथे नाकारले जाते. प्रत्येक ॲप्लिकेशनसाठी व्यक्ती कोण आहे, तिचे उपकरण सुस्थितीत आहे काय व तिला हा अधिकार आहे काय, हे तपासले जाते. २००९ मधील सायबर हल्ल्यानंतर गूगलने आपली अंतर्गत व्यवस्था या दिशेने बदलली व २०१४ मध्ये तिचे वर्णन 'बियॉन्डकॉर्प' या नावाने प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये यासंबंधीचा मार्गदर्शक दस्तऐवज काढला.

या पर्यायाची मर्यादा अशी की, जुन्या पद्धतीची सर्व ॲप्लिकेशन्स त्यात सहज बसत नाहीत. शिवाय पडताळणीची सेवा अन्य कंपनीकडून घेतल्यास प्रतिव्यक्ती आवर्ती शुल्क द्यावे लागते आणि ती सेवा बंद पडल्यास सर्वांचेच काम थांबते.

४. तुलनात्मक विश्लेषण

तक्ता क्र. १ : पर्यायांची तुलना

| पर्याय | कोणासाठी | आत काय खुले होते | प्रमुख मर्यादा |
|---|---|---|---|
| स्वतंत्र वाहिनी, एमपीएलएस | कायमच्या शाखा | सामान्यतः संपूर्ण शाखा | भाडे. व्यक्तीस निरुपयोगी |
| आयपीसेक व्हीपीएन | शाखा. काही व्यक्ती | बंधने न घातल्यास संपूर्ण नेटवर्क | बाहेरील जाळ्यांत अडथळे |
| टीएलएस व्हीपीएन, वायरगार्ड | फिरते कर्मचारी | बंधने न घातल्यास संपूर्ण नेटवर्क | प्रवेशद्वाराची सतत देखभाल |
| दूरस्थ डेस्कटॉप | हिशेब व तत्सम काम | एक संगणक व त्याचे अधिकार | थेट खुला ठेवल्यास गंभीर धोका |
| ॲप्लिकेशननिहाय प्रवेश | वेब-आधारित काम | केवळ ठरविलेले ॲप्लिकेशन | आवर्ती खर्च. जुनी ॲप्लिकेशन्स |

४.१ क्षमतेचा प्रश्न

व्हीपीएन 'संथ' असल्याची तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे एक कारण रचनेत असते. समजा, ४० कर्मचारी घरून दृक्-श्राव्य बैठकीत आहेत व प्रत्येकास दोन्ही दिशांना १.५ मेगाबिट लागतात. सर्व वाहतूक कार्यालयामार्गे नेण्याची रचना असल्यास बैठकीतून येणारे चित्र आधी कार्यालयात येते व तेथून कर्मचाऱ्याकडे जाते. कर्मचाऱ्याचे चित्रही याच मार्गाने उलट जाते. परिणामी कार्यालयाच्या वाहिनीवर प्रत्येक दिशेस ४० × ३ म्हणजे १२० मेगाबिटचा भार पडतो. केवळ कार्यालयीन सर्व्हरकडे जाणारी वाहतूक बोगद्यातून नेऊन उरलेली थेट इंटरनेटवर सोडल्यास बैठकीचा हा भार शून्यावर येतो. मात्र त्या थेट वाहतुकीवर कार्यालयाच्या फायरवॉलचे लक्ष राहत नाही.

४.२ विलंबाचा प्रश्न

दुसरे कारण विलंबाचे आहे. संचिका-आधारित जुनी हिशेब-प्रणाली एक ताळेबंद काढण्यासाठी सर्व्हरकडे शेकडो किंवा हजारो लहान विचारणा करते. अशा २,००० विचारणा एकामागून एक झाल्या, तर कार्यालयात प्रत्येकीस अर्धा मिलिसेकंद याप्रमाणे एक सेकंद लागतो. घरून प्रत्येक विचारणेस ५० मिलिसेकंद लागल्यास तेच काम १०० सेकंद घेते. अधिक क्षमतेची इंटरनेट जोडणी घेऊन हा कालावधी फारसा घटत नाही, कारण अडचण रुंदीची नसून अंतराची आहे. दूरस्थ डेस्कटॉपमध्ये या विचारणा कार्यालयातच होतात व बाहेर केवळ चित्र येते. म्हणून तो येथे वेगवान ठरतो. भूस्थिर उपग्रहाच्या जोडणीत तर जाण्या-येण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो. तेथे असे काम व्हीपीएनवरून जवळजवळ अशक्य होते.

४.३ विश्वासाच्या व्याप्तीचा प्रश्न

गती व खर्च यांची तुलना सहज करता येते. सर्वाधिक हानी मात्र तिसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्याने होते. अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइन कंपनीचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पूर्व किनाऱ्यावरील इंधनापैकी सुमारे ४५ टक्के इंधन वाहून नेणाऱ्या या कंपनीने ७ मे २०२१ रोजी खंडणीखोर आज्ञावलीच्या हल्ल्यामुळे आपली वाहिनी बंद केली. १२ मे रोजी ती पुन्हा सुरू होईपर्यंत अनेक राज्यांत इंधनासाठी रांगा लागल्या. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी बिटकॉइनच्या रूपात दिली. तिचा काही भाग शासनाने पुढे परत मिळविला.

हल्लेखोर वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून आत आले होते. त्या खात्यास केवळ पासवर्ड होता. दुसऱ्या घटकाची पडताळणी नव्हती. पासवर्ड क्लिष्ट होता, असे कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यांनी जून २०२१ मध्ये सिनेटसमोर सांगितले. या घटनेत कोणीही कूटबद्धीकरण भेदलेले नाही. बोगदा अभंग राहिला आणि हल्लेखोर त्याच सुरक्षित बोगद्यातून आत आले. 'व्हीपीएन आहे, म्हणून सुरक्षितता आहे' हे समीकरण येथे पूर्णतः चुकते. व्हीपीएन वाटेवरील चोरापासून संरक्षण देते. चोराच्या हाती किल्ली असल्यास ते त्याच्यासाठीही तितक्याच निष्ठेने काम करते.

दार स्वतःही सदोष असू शकते. जानेवारी २०२४ मध्ये इव्हान्टी कंपनीच्या व्हीपीएन उपकरणांतील दोषांचा गैरवापर सुरू असल्याचे उघड झाले, तेव्हा अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने संघराज्याच्या कार्यालयांना ती उपकरणे २ फेब्रुवारीपर्यंत नेटवर्कपासून तोडण्याचा आदेश दिला. असे आदेश अमलात आणण्यासाठी मोठ्या संस्थांजवळ स्वतंत्र कर्मचारी असतात. लहान कार्यालयात मात्र एकदा बसविलेले उपकरण वर्षानुवर्षे दुरुस्तीविना चालू राहण्याचा संभव असतो. म्हणून उपकरणाच्या किमतीत त्याच्या देखभालीचा खर्च धरल्याशिवाय तुलना पूर्ण होत नाही.

५. भारतातील नियमांचा संदर्भ

ग्राहकसेवा केंद्रांसारख्या 'इतर सेवा पुरवठादार' वर्गातील संस्थांवर दूरसंचार विभागाने कर्मचाऱ्यांनी घरून काम करण्यासंबंधी अटी घातल्या होत्या. मार्च २०२० मध्ये त्या तात्पुरत्या शिथिल झाल्या व नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीची आवश्यकताच रद्द केली.

सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार विहित प्रकारच्या सायबर घटनांची माहिती ६ तासांत कळविणे व प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक झाले. व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षे ठेवावी, ही तरतूद संस्थांच्या स्वतःच्या अंतर्गत व्हीपीएनला लागू नाही, असे नंतर स्पष्ट करण्यात आले. तथापि नोंदी ठेवण्याची जबाबदारी उरतेच. कोण, केव्हा व कोठून आत आले हे सांगू न शकणारा पर्याय स्वस्त असला तरी निवडण्यायोग्य नाही.

६. निवडीसाठी सुचविलेला क्रम

१. कोणत्या कर्मचाऱ्यास कोणते ॲप्लिकेशन लागते याची यादी प्रथम करावी. अनेकदा नेटवर्कची नव्हे, तर एखाद्या ॲप्लिकेशनचीच गरज असल्याचे आढळते.

२. पर्याय कोणताही असो, दोन घटकांची ओळख-पडताळणी आवश्यक मानावी. इतर उपायांच्या तुलनेत तिचा खर्च अल्प व लाभ मोठा आहे.

३. कायमच्या शाखांसाठी आयपीसेक, काही मोजक्या व्यक्तींच्या हिशेबकामासाठी व्हीपीएनच्या आड दूरस्थ डेस्कटॉप आणि वेब-आधारित कामासाठी ॲप्लिकेशननिहाय प्रवेश, अशी विभागणी सामान्यतः योग्य ठरते.

४. व्हीपीएनमधून येणाऱ्या व्यक्तीस संपूर्ण नेटवर्क खुले न करता आवश्यक त्या सर्व्हरपुरतीच वाट द्यावी. प्रवेशद्वारावरील काही नियमांनी हे साध्य होते.

५. नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्यांची व बाहेरील तंत्रज्ञांची खाती त्याच दिवशी बंद करावीत आणि उरलेल्या खात्यांची दर तीन महिन्यांनी तपासणी करावी.

६. प्रवेशद्वाराच्या दुरुस्तीची जबाबदारी एका व्यक्तीकडे लेखी सोपवावी. असे कोणी नसल्यास उपकरण विकत घेण्यापेक्षा देखभालीसह मिळणारी सेवा घेणे श्रेयस्कर होय.

७. समारोप

दूरस्थ प्रवेशाच्या इतिहासात प्रत्येक नव्या तंत्राने मागील तंत्राची एक उणीव दूर केली. मोडेमचा खर्च इंटरनेटने कमी केला, इंटरनेटची असुरक्षितता कूटबद्ध बोगद्याने दूर केली. बोगद्यातून आलेल्या प्रत्येकावर विश्वास ठेवण्याची उणीव दूर करण्याचा प्रयत्न 'शून्य विश्वास' पद्धती करते. तथापि तंत्र बदलले तरी जुने खाते कोणी बंद करायचे हा प्रश्न व्यवस्थापनाचाच राहतो. वाणिज्य व व्यवस्थापन शाखांमध्ये हा विषय केवळ संगणकाच्या अध्यापकांकडे न सोपविता अंतर्गत नियंत्रण व लेखापरीक्षणाच्या जोडीने शिकविला जाणे इष्ट आहे. तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत याची नोंद लेखापरीक्षक पूर्वीपासून पाहत आला आहे. कार्यालयाच्या या नव्या दाराच्या किल्ल्यांची नोंदही त्याच काटेकोरपणे पाहिली जाणे आवश्यक आहे.